फ्लॅशचा फोटो काळपट आला की कुठलं ± फिरवायचं?

मंगल कार्यालयात फ्लॅश मारला आणि नवरदेवाचा चेहरा काळपट आला, की हात आपोआप एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनकडे, म्हणजे फोटो उजळ-गडद करायच्या साध्या ±कडे जातो. पुढच्या फोटोत मागची भिंत उजळते, चेहरा तसाच राहतो. मग कुणीतरी सांगतं, ‘फ्लॅशमध्ये दम नाही, मोठा घे.’ हा सल्ला ऐकून लोक उगाच पैसे घालवतात, त्याचा मला खरंच राग येतो.

साधं ± सगळ्यांना माहीत असतं. विजेच्या चिन्हाशेजारचं ± वेगळं, ते फ्लॅश कॉम्पेन्सेशन, फ्लॅशच्या प्रकाशाचं माप बदलतं.

फ्लॅशच्या फोटोत एक्स्पोजर दोन असतात. हॉलच्या दिव्यांचा उजेड शटर जितका वेळ उघडं तितका साचत जातो. फ्लॅश मात्र शटर उघडं असतानाच क्षणात चमकून विझतो, म्हणून शटर १/६० सेकंद असो वा १/२००, चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच उमटतो. कॅननवर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ठरावीक असताना, साधं +१ केलंत तर शटर मंदावतं, फ्लॅशला धक्काही लागत नाही. निकॉनवर मूळ सेटिंगमध्ये साधं ± दोन्हींना हलवतं. ते फक्त पार्श्वभूमीपुरतं ठेवायची सोय अनेक बॉडींच्या मेन्यूत आहे. निकॉनवाल्या मित्राची युक्ती तुमच्या कॅननवर चालत नाही ती यामुळे.

चेहरा मुळात काळा का येतो? टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या ऑटो मोडमध्ये, फोटोआधी एक बारीक प्री-फ्लॅश जातो आणि परत आलेल्या प्रकाशावरून कॅमेरा फ्लॅशची ताकद ठरवतो. पांढरा झब्बा, मागे चकचकीत सॅटिनचा पडदा असेल तर प्रकाश भरपूर परततो. कॅमेऱ्याला वाटतं पुरे झालं, आणि तो फ्लॅश आवरता घेतो. अशा वेळी मी फ्लॅश कॉम्पेन्सेशन +१ पासून सुरू करतो.

तेही वाढवून फरक पडत नसेल तर फ्लॅश आधीच पूर्ण ताकदीने उडतोय. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). ग्रुप फोटोला मागे सरकलात की हेच होतं. आयएसओ ४०० वरून १६०० करा, दोन्ही स्टॉप परत मिळतात.

‘लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) बघू’ हे मला पटत नाही. एक्स्पोजरचा स्लायडर फ्लॅश आणि हॉलचा उजेड वेगळा ओळखत नाही, दोन्ही एकत्र उचलतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) एक स्टॉप सहज सोसते, तोही माणसांवर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडूनच द्या. जेपेगच्या सावल्या तेवढ्यातच फाटायला लागतात.

आणि रिसेप्शनला नवरदेव काळ्या सुटात आला की ते +१ आधी शून्यावर आणा. काळं कापड प्रकाश गिळतं, कॅमेरा फ्लॅश वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. तिथे बहुतेक वेळा उणे २/३ लागतं.