बोट किती वर्षं ठेवतात? धक्क्यावरचं उत्तर आणि जाहिरातीतलं उत्तर

छोटी क्रूझिंग बोट, म्हणजे बावीस ते तीस फुटांची, दोन-चार जण झोपू शकतील अशी शिडाची बोट, लोक साधारण किती वर्षं स्वतःकडे ठेवतात? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलंट ह्या सामुद्रधुनीच्या आसपास राहणारा कोणीही मराठी माणूस बोट घ्यायचं मनावर घेतो तेव्हा हा प्रश्न विचारतोच, आणि त्याला दोन उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, हे लोक वीस-पंचवीस वर्षं एकच बोट सांभाळतात, लग्नासारखं. दुसरा म्हणतो, छे, तीन वर्षांत हौस फिटते आणि बोट विकायला निघते. मग तिसरा समजूतदार माणूस दोन्हीची बेरीज करून भागिले दोन करतो आणि वाद मिटला असं समजतो. मला ह्या तिसऱ्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण पहिले दोघं निदान डोळ्यांनी बघितलेलं सांगत असतात, हा मात्र दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र कालवतो.

आधी एक सोपी गोष्ट बाजूला काढतो. बोटीचं वय आणि मालकीचा काळ हे एक नाही, हे तुम्हाला माहीतच आहे, सेकंडहँड गाडी घेतलेल्या कोणालाही माहीत असतं. फायबरग्लासच्या बोटी फार टिकतात. वेस्टर्ली सेंटॉर घ्या, सव्वीस फुटी, लॉरेंट जाइल्स कंपनीचं डिझाइन, पोर्ट्समथजवळ वॉटरलूव्हिलला बांधलेली, 1969 ते 1980 ह्या काळात 2,444 नग निघाले, आणि त्यातल्या कितीतरी आजही पाण्यात आहेत. स्वीडनची अल्बिन व्हेगा तशीच, अमेरिकेतली कॅटलिना 22 तशीच. बोट पन्नास वर्षांची आहे ह्यावरून ती कोणाकडे किती वर्षं होती हे काही कळत नाही. झालं, पुढे जाऊ.

खरी गोची पुढे आहे. "मालक बोट किती वर्षं ठेवतो" आणि "आज जो मालक भेटतो तो बोट किती वर्षं ठेवणाऱ्यातला आहे" हे दोन प्रश्न ऐकायला एकच वाटतात, आणि त्यांची उत्तरं दुपटीने-तिपटीने वेगळी येतात. कोणी खोटं बोलत नसताना.

एक कल्पित बोट घेऊ, आकडे सोपे पडावेत म्हणून मी ठरवलेत. 1975 साली बांधलेली सेंटॉर. पहिल्या मालकाने तीन वर्षं ठेवली. 1978 साली एका जोडप्याने घेतली आणि 2010 पर्यंत, बत्तीस वर्षं ठेवली. त्यानंतर 2025 पर्यंत पाच मालक झाले, प्रत्येकी तीन वर्षं. एकूण पन्नास वर्षं, सात मालक. आता सरासरी मालकी किती? पन्नास भागिले सात, साधारण सात वर्षं. सातातल्या सहा जणांनी तीनच वर्षं ठेवली, म्हणजे "बहुतेक मालक" म्हटलं तर उत्तर तीन.

आता ह्याच पन्नास वर्षांतला कुठलाही एक दिवस डोळे मिटून निवडा आणि त्या दिवशी मरीनात, म्हणजे बोटी भाड्याने उभ्या करायच्या जागी, जाऊन ह्या बोटीवर कोण आहे ते बघा. पन्नासातली बत्तीस वर्षं तिथे ते जोडपंच आहे. म्हणजे शंभरातल्या चौसष्ट वेळा तुम्हाला तेच भेटणार, चहा तेच पाजणार, आणि बोट कशी ठेवायची ह्याच्या गोष्टी तेच सांगणार. अशा रीतीने भेटलेल्या मालकाची सरासरी मालकी काढली तर ती साडेएकवीस वर्षं येते. बोट तीच, मालक तेच सात, एकाही माणसाचं वर्ष इकडचं तिकडे केलेलं नाही, आणि उत्तर सातावरून साडेएकवीसवर गेलं.

हे का होतं ते नीट बघा. पहिल्या हिशोबात प्रत्येक मालकाला एक मत आहे, बत्तीस वर्षंवाल्याला एक आणि तीन वर्षंवाल्यालाही एक. दुसऱ्या हिशोबात प्रत्येक वर्षाला एक मत आहे, म्हणून बत्तीस वर्षं राहिलेल्याला बत्तीस मतं मिळतात आणि तीन वर्षांत गेलेल्याला तीनच. जो जास्त काळ थांबतो तो जास्त वेळा दिसतो, बस इतकंच आहे. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत वॉचमनला विचारा, तो म्हणेल इथे सगळे जुनेच भाडेकरू आहेत, आणि पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला विचारा, तो म्हणेल ह्या बिल्डिंगमध्ये कोणी अकरा महिन्यांवर टिकत नाही. दोघं रोज जे बघतात ते बरोबरच सांगतायत.

आता वॉचमनच्या जागी पॉन्टूनवरून, म्हणजे मरीनातल्या तरंगत्या धक्क्यावरून, चक्कर मारणारा माणूस ठेवा आणि पॅकर्सवाल्याच्या जागी बोटींचा ब्रोकर. वरच्यासारख्याच शंभर बोटी एका नदीत उभ्या आहेत असं धरा, प्रत्येकीच्या आयुष्याचा टप्पा वेगळा. आज फिरून आलात तर चौसष्ट बोटींवर दीर्घकाळवाले मालक, छत्तीस बोटींवर अल्पकाळवाले. पण वर्षभरात विकायला किती निघतात? पन्नास वर्षांत एका बोटीचे सात व्यवहार म्हणजे शंभर बोटींचे वर्षाला चौदा. त्या चौदातले बारा तीन वर्षंवाल्यांचे आणि दोनच जुन्या मालकांचे. म्हणून जाहिराती वाचत बसणाऱ्याला वाटतं सगळेच पळतायत, आणि धक्क्यावर गप्पा मारणाऱ्याला वाटतं कोणीच हलत नाही.

त्यात अजून एक गुंता असतो जो लोक बघतच नाहीत. धक्क्यावर तुम्ही विचारता, "बोट किती वर्षं झाली तुमच्याकडे?" तो सांगतो ते आजपर्यंतचं, पूर्ण नाही. मधल्या कुठल्याही दिवशी विचारलं तर सरासरीने निम्माच काळ झालेला असतो, म्हणजे वरच्या उदाहरणात साडेएकवीसऐवजी पावणेअकराच्या आसपास ऐकू येईल. आता कोणीतरी हा पावणेअकरा घेतो, म्हणतो लोक साधारण अकरा वर्षांनी बोट विकतात, आणि हे वाक्य तर कुठल्याच अर्थाने खरं नाही, कारण त्या बोटीच्या सातपैकी एकानेही अकराव्या वर्षी विकलेली नाही. "झाली" आणि "ठेवली" ह्यातला फरक विसरू नका. पूर्ण काळ फक्त विकून मोकळा झालेला माणूसच सांगू शकतो.

हे लोक दोन गटांत का पडतात त्याची कारणं काही गूढ नाहीत. लवकर विकणारे बहुतेक दोन गोष्टींनी विकतात. घरात मूल आलं किंवा पाठ धरली, हे एक. आणि दुसरं म्हणजे दोन फूट मोठी बोट हवी ही खाज, जी त्या जगात इतकी ओळखीची आहे की तिला आजाराचं नाव दिलेलं आहे. मरीनाचा दर बोटीच्या लांबीच्या फुटावर किंवा मीटरवर असतो हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नाही.

टिकणारे टिकतात त्याचं कारण बोटीतच असतं. सेंटॉरला खाली दोन कील, म्हणजे तळाला लावलेले जड पंखे, आहेत, शेजारी शेजारी, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलात सरळ उभी राहते, कलंडत नाही. जेमतेम तीन फूट पाण्यात तरंगते. म्हणजे खोल पाण्यातल्या महागड्या मरीनात जागा घ्यायची सक्ती नाही, भरती-ओहोटीत कोरड्या पडणाऱ्या स्वस्त मुरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेवर, ती मजेत राहते, आणि वर्षाचा खर्चच कमी असला की विकायचा विचार मनात येत नाही. शिवाय विकून हातात येतं किती? जुन्या सेंटॉरची किंमत काही हजार पाउंड. तेवढ्यासाठी कोणी ओळखीची बोट सोडत नाही, म्हातारपणी दोघांना झेपते, घरासारखी होते.

आता ह्या दोन आकड्यांतला तुमच्या कामाचा कुठला? तुम्ही नवीन मालक म्हणून आत शिरताय, तर तुमच्यासाठी "प्रत्येक मालकाला एक मत" हाच हिशोब. तुमची गणना सातातला एक म्हणून होणार, आणि त्या उदाहरणात सातातले सहा तिसऱ्या वर्षी बाहेर पडले. धक्क्यावरच्या त्या आजोबांकडे बघून "आपण पण वीस वर्षं ठेवू" असं धरून पैसे घालायचे नाहीत, निदान सुरुवातीला नाही. मात्र तीन वर्षं उलटून गेली आणि तुम्ही अजून बोटीवर असाल तर चित्र पालटतं, कारण पळणारे पळून झालेले असतात आणि उरलेले टिकणाऱ्यातले असण्याची शक्यता वाढते. प्रत्यक्षात रेघ इतकी ठळक नसते, पण दिशा हीच.

ह्याचा थेट संबंध इंजिनाशी येतो. जुनं डिझेल इंजिन धूर ओकायला लागलं की नवीन बसवायचं का, हा प्रश्न ह्या वयाच्या बोटींत ठरलेला. नवीन इंजिन बसवून घेण्याचा खर्च बरेचदा अख्ख्या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि विकताना त्यातला थोडाच परत येतो. पंधरा वर्षं बोट ठेवणार असाल तर हिशोब जमतो, तीन वर्षांत विकणार असाल तर पुढच्या मालकाला फुकट भेट दिलीत. म्हणून माझं मत पक्कं आहे: पहिले दोन-तीन हंगाम जुनं इंजिन दुरुस्त करत चालवा, पंप, इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र), फिल्टर बदला, आणि नवीन इंजिनाचा निर्णय त्यानंतर घ्या. सुरक्षेच्या गोष्टी मात्र ह्यात मोडत नाहीत, गॅसची नळी, समुद्राच्या पाण्याचे कॉक, मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, उभी धरणाऱ्या तारा हे पहिल्याच वर्षी.

आणि जाहिरातीतलं "वीस वर्षं एकच मालक" हे वाक्य बघून भुलू नका, ह्याची मला खरोखर चीड आहे, लोक ते आयएसआय मार्कासारखं वाचतात. लांब मालकी म्हणजे चांगली निगा असं नसतं, माणसाला बोटीच्या खोडींची सवय होऊन जाते, गळती दिसेनाशी होते, आणि बऱ्याचदा मास्टच्या तारा त्याने घेतल्या तेव्हाच्याच असतात, जिथे बरेच विमावाले दहा-पंधरा वर्षांनी त्या बदला म्हणतात. शिवाय ठेवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. वीसातली बारा वर्षं बोट यार्डात ताडपत्रीखाली असेल तर ती वीस वर्षं कशाची धरायची? सहा वर्षं ठेवून प्रत्येक पावती जपलेला मालक मला तीस वर्षं ठेवून एकही कागद नसलेल्यापेक्षा कधीही चालेल.

खरा काळ कळतो तो कागदांच्या फायलीत. बोट बघायला गेलात की आधी ती मागा. त्यात एकामागून एक बिल ऑफ सेल, म्हणजे खरेदी-विक्रीचे कागद, असतात, प्रत्येकावर तारीख, विकणारा, घेणारा. त्या तारखा एका कागदावर ओळीने लिहून काढा, कोणी किती ठेवली ते समोर येतं, आणि मध्ये एखादी कडी गायब असेल तर तेही. ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरच्या, म्हणजे छोट्या बोटींच्या सरकारी नोंदवहीच्या, दाखल्यावर विसंबू नका, तो पाच वर्षांचा असतो, मालक बदलला की संपतो आणि मालकीचा पुरावा म्हणून तो चालतच नाही. बोट जहाजांच्या मोठ्या सरकारी रजिस्टरच्या पार्ट वन ह्या भागात असेल तर उत्तम, तिथे मालकीची नोंद असते, बोटीचे कायद्याने चौसष्ट हिस्से धरतात आणि बोटीवर नोंदवलेलं कर्ज असेल तर तेही दिसतं. मग ह्या तारखांशेजारी सर्व्हे रिपोर्ट आणि पावत्यांच्या तारखा मांडा: तारा कधी बदलल्या, शिडं कधी शिवली, कीलच्या मुळाशी मजबुती केली का, कारण सेंटॉरची दुखरी जागा तीच आहे. कोणत्या मालकाच्या काळात काम झालं आणि कोणाच्या काळात नुसती वर्षं गेली ते त्या दोन रांगा शेजारी ठेवल्या की दिसतं, आणि भाव करताना ह्याच कागदावर बोट ठेवून बोला.