गाडीपुढची शिट्टी हरणाला काय सांगते?

बोटाच्या दोन पेरांएवढी काळी प्लास्टिकची नळी. पुढे तोंड रुंद, मागे भोक बारीक, बुडाला डबल टेप. अशा दोन नळ्यांची जोडी गाडीच्या बंपरवर चिकटवायची. गाडीने ताशी ५० किलोमीटरचा वेग धरला की वारा नळीतून घुसतो, माणसाच्या कानाला न कळणारा आवाज निघतो आणि रस्त्यावर यायच्या बेतात असलेलं जनावर मागे फिरतं, असं पाकिटावर छापलेलं असतं. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे रोज गाड्या पाठवणाऱ्या एका ओळखीच्या गाडीमालकाने गेल्या हिवाळ्यात ही जोडी ऑनलाइन मागवली. महिनाभर आधी त्याच्या एका ड्रायव्हरच्या गाडीपुढे रात्री चितळ आलं होतं. चितळ जागीच गेलं, गाडी झाडावर गेली, ड्रायव्हरचा हात मोडला.

"सगळ्याच गाड्यांना लावून टाकू का?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी एक नळी तोंडाला लावून फुंकली. बारीक पण स्वच्छ शिट्टी वाजली. मला ऐकू आली, त्यालाही आली. ओसरीवर झोपलेल्या कुत्र्याने एक कान उचलला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो तेव्हा पार १८७६ सालापर्यंत मागे जावं लागलं. त्या सुमारास इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी माणसाला ऐकू येण्याची वरची मर्यादा मोजण्यासाठी एक बारीक शिट्टी बनवली. आज कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या 'मूक' शिट्टीचं मूळ हेच. माणसांवर प्रयोग झाल्यावर त्यांनी ती चालण्याच्या काठीच्या टोकाला बसवली, मुठीपासून टोकापर्यंत रबरी नळी नेली आणि काठी घेऊन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरू लागले. पिंजऱ्यातल्या जनावराच्या कानाजवळ काठी न्यायची, त्याला तिची सवय होऊ द्यायची आणि मग मूठ दाबायची. मांजरांचे कान सगळ्यांत तिखट निघाले. लहान कुत्र्यांनाही तो आवाज कळायचा. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात रस्तोरस्ती मोठाले कुत्रे पडलेले असत. त्यांच्यापुढे गॉल्टन तासन्‌तास शिट्टी वाजवत राहिले, पण एकानेही ती ऐकल्याचं दिसलं नाही.

हे सगळं त्यांनी १८८३ मध्ये छापलं. त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. प्राण्याने कान टवकारले तर त्याला ऐकू आलं हे नक्की, असं ते लिहितात. पण कान टवकारले नाहीत तर दोन शक्यता उरतात: त्याला ऐकूच आलं नसेल, किंवा ऐकू येऊनही त्याने ते मनावर घेतलं नसेल. ऐकणं आणि मनावर घेणं यांतलं हे अंतर पुढे गाडीवरच्या शिट्ट्या विकणाऱ्यांनी लक्षात घेतलं असतं, तर बराच पैसा वाचला असता आणि बरीच खोटी भिस्तही टळली असती.

गाडीवर बसवायच्या शिट्ट्या १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आल्या. त्या युरोपातून, मुख्यतः ऑस्ट्रियातून आल्याचं सांगितलं जातं. अमेरिकेत त्यांना बाजार तयारच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम ५ लाखांवर आली होती. शिकारीचे कायदे आले, लांडगे संपले, पडीक शेतांवर पुन्हा झाडी वाढली आणि हरणांची संख्या काही कोटींत गेली. याच काळात, १९५६ च्या कायद्याने, देशभर आंतरराज्य महामार्गांचं जाळं पसरलं. हरणं वाढली, रस्ते वाढले, वेग वाढला. १९९१ या एका वर्षात अमेरिकेतल्या रस्त्यांवर किमान ५ लाख हरणं मेली असावीत, असा सावध हिशेब नंतर मांडला गेला. अशा वेळी थोडक्या डॉलरांत संकट टळत असेल तर कोण नाही म्हणेल? लोकांनी शिट्ट्या लावल्या, काही पोलीस दलांनीही लावल्या, आणि 'तेव्हापासून एकही हरीण धडकलं नाही' अशी पत्रं जाहिरातींत झळकू लागली.

ती पत्रं खोटी होती असं मला म्हणायचं नाही. पण एखाद्याच्या गाडीला हरीण धडकणं ही तशी विरळा घटना. शिट्टी न लावताही बहुतेक लोक वर्षानुवर्षं सुखरूप गाडी चालवतात. एकदा अपघात झाल्यावर माणूस जंगलपट्ट्यात जपून चालवतो, त्याचा फायदा वेगळाच. दिष्ट काढल्यावर मूल रडायचं थांबलं म्हणजे दिष्टीनेच थांबलं, यातला हा प्रकार. खरं काय ते कळायचं तर तीच गाडी, तोच रस्ता, एकदा शिट्टी वाजत असताना आणि एकदा बंद असताना, असं पाहायला हवं.

युटामध्ये लॉरा रोमिन आणि लॅरी डाल्टन यांनी नेमकं तेच केलं. त्यांचा निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्यूल हरणांच्या १५० कळपांजवळून त्यांनी गाडी नेली, कधी शिट्टीसह, कधी शिट्टीविना. हरणांच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

मग प्रश्न आला की शिट्टी मुळात वाजते तरी कशी. २००३ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या ध्वनितज्ज्ञांनी त्या मोजल्या. मागून बंद असलेल्या शिट्टीचा मुख्य आवाज ३.३ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ३,३०० कंपनांच्या) आसपास निघाला, उघड्या नळीचा १२ किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे पाकिटावरचा 'माणसाला न ऐकू येणारा' हा शब्द पहिल्याच परीक्षेत पडला. आमच्या ओसरीवर ती शिट्टी मला ऐकू आली त्यात नवल काहीच नव्हतं. धावत्या गाडीत ती ऐकू येत नाही याचं कारणही साधं आहे: टायरांची घरघर, इंजिन आणि वारा तिला गिळून टाकतात. आपल्या कानापर्यंत न पोचणारा हा आवाज, त्याच घरघरीतून, शंभर पावलांवरच्या हरणापर्यंत कसा पोचायचा? आणि आवाज खरोखरच माणसाच्या श्रवणापलीकडचा असता तर अडचण आणखी वाढली असती. सूर जितका उंच, तितकी हवा त्याला लवकर शोषते.

जॉर्जिया विद्यापीठाच्या लोकांनी यापुढचं पाऊल टाकलं. आधी त्यांनी हरणाचा कान तपासला. पांढऱ्या शेपटीचं हरीण पाव किलोहर्ट्झपासून ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं आणि ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा कान सगळ्यांत तल्लख असतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तो थोडाफार आपल्यासारखाच ऐकतो. मग त्यांनी गाडीवर चिमुकल्या शिट्टीऐवजी चांगली ध्वनियंत्रणाच बसवली आणि ०.२८, १, ८, १५ व २८ किलोहर्ट्झ असे पाच सूर वाजवत रस्त्याकडेच्या हरणांजवळून गाडी नेली. आवाज पोचतच नव्हता ही सबब आता राहिली नव्हती. तरीही, २००९ मध्ये त्यांनी लिहिलं, एकाही सुराने हरणं अपघात टळेल अशी वागली नाहीत. सगळ्यांत खालच्या सुराला तर ती उलट धोक्याच्या बाजूने वागण्याची शक्यता वाढली.

ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट कांगारूंच्या बाबतीत घडली. तिथल्या 'शू रू' या यंत्रात वाऱ्याची शिट्टी नसते, बॅटरीवर चालणारा भोंगा असतो. मेलबर्न विद्यापीठाच्या हेलेना बेंडर यांनी तो तपासला. चालत्या गाडीच्या गोंगाटात ५० मीटरवरही त्याचा आवाज वेगळा पकडता येईना. यंत्र बसवलेल्या आणि न बसवलेल्या गाड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर कांगारूंना धडकण्याचं प्रमाण सारखंच होतं. या ५० मीटरचा अर्थ ड्रायव्हरच्या जागेवर बसून समजून घ्यावा. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे हरणाला ऐकायला, दचकायला, दिशा ठरवायला आणि पळायला मिळून सव्वादोन सेकंद.

आणि पळायचं कुठे? पेंच किंवा नागझिऱ्यात फिरलेल्या माणसाला चितळाचा कॉल माहीत असतो. वाघाची नुसती चाहूल लागली तरी चितळ पाय आपटतं, शेपटी वर करतं, ओरडतं आणि अख्खा कळप एका दिशेला वळतो. हजारो पिढ्यांनी त्यांच्या अंगात मुरवलेली ही भाषा आहे. गाडी पाहून चितळाने कॉल दिलेला मी आजवर ऐकलेला नाही. दबा धरणं, झेपावणं, पाठलाग करणं यांतलं काहीच गाडी करत नाही. रात्री तर त्याला गाडीही दिसत नाही, दिसतात फक्त दोन दिवे, जागच्या जागी मोठे होत जाणारे. अंधाराला सरावलेले डोळे त्या झोतात दिपतात आणि जनावर उभंच राहतं. त्यात शिट्टीची भर पडली तर त्याला फार तर 'इथे काहीतरी आहे' एवढं कळेल. कुठे आहे, किती वेगाने येतंय आणि आपण कुणीकडे सरायचं, हे त्या शिट्टीत कुठेच नाही.

आवाजाने जनावर हटतच नाही असं मात्र नाही. ज्या आवाजाला त्याच्या लेखी अर्थ आहे, त्याने हटतं. केनियात ल्यूसी किंग यांनी हत्तींना चिडलेल्या मधमाश्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला आणि हत्तींचे कळप पळाले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. सोंडेच्या आत डंख बसल्याची आठवण हत्ती विसरत नाही. ईशान्य सीमांत रेल्वेने २०१७ पासून आसामात रुळांजवळ मधमाश्यांचा हाच गुणगुणाट ऐकवणारे भोंगे बसवायला सुरुवात केली. 'प्लॅन बी' (इंग्रजी 'बी' म्हणजे मधमाशी) या नावाच्या त्या योजनेत आवाज सुमारे ६०० मीटरपर्यंत जातो, आणि गाडी येण्याआधीच हत्तीला रुळांपासून दूर व्हायला अवधी मिळतो. अर्थ असलेला आवाज, ठरलेली जागा आणि पुरेसा वेळ, या तिन्ही गोष्टी बंपरवरच्या शिट्टीजवळ नाहीत.

रस्त्याकडेच्या यंत्रांचाही अनुभव संमिश्र आहे. टास्मानियात गाडीचा उजेड पडताच आवाज आणि प्रकाश सोडणारे खांब लावले. २०१८ मध्ये रस्त्यावरचे मृत्यू निम्म्याने घटल्याचं जाहीर झालं, पण इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची पुन्हा छाननी केली आणि हा दावा टिकत नसल्याचं दाखवलं. जर्मनीत त्याच वर्षी निळ्या परावर्तकांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिथेही उपयोग दिसला नाही.

गाडीवरच बसवायच्या उपायांत मला आशा वाटते ती एकाच प्रयोगाबद्दल. ट्रॅव्हिस डेव्हॉल्ट आणि सहकाऱ्यांनी ओहायोत गाडीच्या पुढच्या भागावर एलईडीची पट्टी बसवली, पण तिचा झोत पुढे न टाकता मागे, गाडीच्याच तोंडावर टाकला. हेडलाइट नेहमीसारखेच चालू. फरक एवढाच की हरणाला आता दोन अधांतरी दिव्यांऐवजी गाडीचा अख्खा पुढचा भाग दिसू लागला, आणि तो मोठा होत जवळ येतोय हेही दिसू लागलं. हरणांशी होणाऱ्या धोकादायक गाठभेटींचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं, ते प्रामुख्याने हरणं जागेवर थिजायची कमी झाली म्हणून. २०२० चा हा अभ्यास एका जातीच्या हरणावरचा आहे. चितळ, सांबर किंवा रोही असंच वागतील हे गृहीत धरता येणार नाही. पण जनावराला काय कळतं, तिथून विचार सुरू केला म्हणजे काय हाती लागतं, ते यात दिसतं.

सिद्ध झालेले उपाय मात्र सगळे रस्त्यावरचेच आहेत. कॅनडात बॅन्फच्या महामार्गाला कुंपण घालून भुयारी मार्ग आणि पूल बांधल्यावर खुरांच्या प्राण्यांशी होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. आपल्याकडे पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातल्या भागात, न्यायालयात आणि बाहेर बराच झगडा झाल्यावर, प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधले गेले. त्यांतला सगळ्यांत लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींचे प्राणी पुलाखालून गेल्याचं दिसलं. त्यांत ११ वाघ होते, एकूण ८९ वेळा. वरून ट्रक जात होते आणि खालून वाघ.

गोंदिया–कोहमारा रस्त्यावर तेव्हा असं काही नव्हतं. नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणारं जंगल हा रस्ता कापत जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये इथेच, मुरदोलीच्या जंगलात, कारच्या धडकेने एक तरुण वाघ जबर जखमी झाला. रस्त्यावरून फरफटत झाडीत जाणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ महाराष्ट्रभर पाहिला गेला. उपचारासाठी नागपूरला नेताना तो मेला. तो व्हिडिओ मला पुन्हा बघवला नाही.

गाडीमालकाला मी हे सगळं सांगितलं, एका बैठकीत नाही, दोन-तीन फेऱ्यांत. त्याने जोडी परत पाठवली. मुरदोलीच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर ताशी ४० च्या वर जायचं नाही, एक चितळ रस्ता ओलांडून गेलं तरी मागचं दुसरं येईल म्हणून थांबून राहायचं, असं त्याने ड्रायव्हरांना बजावलंय. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. हात मोडलेला ड्रायव्हर आता बरा होऊन कामावर आला आहे, आणि त्या पट्ट्यात शिरताना तो काच खाली करून घेतो. काच उघडी असली की कळपाचे कॉल ऐकू येतात, असं तो म्हणाला.