स्ट्रिपवरचे मिलिग्राम, रक्तातले मिलिग्राम

सलाइनमधून केमो चढते तेव्हा वॉर्डात दोन नर्स रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा ताडून बघतात, वेळ लिहितात, मगच औषध सुरू करतात. तीच केमो गोळीच्या रूपात मिळाली की ही सगळी कामं पिशवीत बसून परळहून डोंबिवलीला जातात आणि घरातल्या कुणा एकाच्या गळ्यात पडतात.

ब्लड कॅन्सरच्या कित्येक प्रकारांत आता गोळी हाच मुख्य उपचार आहे. सीएमएल आणि सीएलएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियांपैकी सीएमएलला इमॅटिनिब, नायलोटिनिब किंवा डॅसॅटिनिब, सीएलएलला व्हेनेटोक्लॅक्स किंवा इब्रुटिनिब, मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरला लेनालिडोमाइड, मुलांच्या एएलएल या झपाट्यानं वाढणाऱ्या ल्युकेमियात शेवटच्या लांबलचक टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्याला. काटेकोर बोलायचं तर यातल्या बऱ्याच गोळ्या केमो नव्हेत, कॅन्सरच्या पेशीतल्या ठरावीक दुव्यावर नेम धरणारी टार्गेटेड थेरपी आहेत. पण ओपीडीत सगळ्यांना ‘केमोची गोळी’च म्हणतात, आणि त्या धाकानं ती जपून हाताळली जाते, तेव्हा ते बरंच आहे.

स्ट्रिपवर छापलेला आकडा पोटात जातो. त्यातलं रक्तात किती उतरणार, हे पोटात आधी काय आहे त्यावर ठरतं. इमॅटिनिब पोटाला झोंबते, म्हणून ती भरल्या ताटावर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. नायलोटिनिबच्या कॅप्सूलचं नेमकं उलट. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर रक्तातलं औषध ८० टक्क्यांहून जास्त वाढू शकतं आणि हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं हवं. दिवसातून दोनदा, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशी वेळ धरली, तर ५ ते ८ पाण्याशिवाय काही नाही. संध्याकाळचा चहा-बिस्किटसुद्धा नाही. दोन्ही ‘सीएमएलच्याच गोळ्या’. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं आपुलकीनं दिलेला सल्ला इथेच घात करतो.

व्हेनेटोक्लॅक्स जेवणाबरोबर घेतली तर उपाशीपोटीपेक्षा तीन ते पाच पट जास्त शोषली जाते. म्हणजे एकादशी-चतुर्थीला निरंकार राहून गोळी घेतली तर त्या दिवशीचं औषध बरंचसं वायाच गेलं. उपास करायचाच असेल तर खिचडी किंवा रताळं पोटभर खाऊन गोळी घ्या. निर्जळी मात्र मुळीच नको. हे औषध २० मिलिग्रामपासून सुरू करून दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात, कारण एकदम जास्त दिलं तर कॅन्सरच्या पेशी घाऊक मरतात. त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात सांडतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. त्या आठवड्यांत रोज दीड-दोन लिटर पाणी हा औषधाचाच भाग असतो.

आता फळांकडे. या टार्गेटेड गोळ्यांपैकी बहुतेकींची विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम, सीवायपी३ए४, यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात असतं. ग्रेपफ्रूटमधली काही रसायनं आतड्यातलं हे एन्झाइम निकामी करतात, मग गोळी न तुटताच रक्तात घुसते. ‘ग्रेपफ्रूट खाऊ नका’ हे वाचून मुंबईतला माणूस निर्धास्त होतो. त्यानं ते फळ बघितलेलंही नसतं. पण ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ आहे, आणि तीच रसायनं पपनसातही असतात. गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारात पपनसांचे ढीग लागतात आणि प्रसादाच्या ताटात दोन फोडी येतातच. गोळी सकाळी आणि पपनस रात्री, ही पळवाट चालत नाही: निकामी झालेलं एन्झाइम दुरुस्त होत नाही, आतड्याला नवं तयार करावं लागतं, त्यात दिवसाहून अधिक वेळ जातो. व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्यांनी कमरखही टाळायचं. शाळांबाहेर मीठ-तिखट लावून मिळतं ते, चांदणीच्या आकाराचं आंबट फळ. साधं संत्रं चालतं.

औषधंही हेच करतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध या गोळ्यांची पातळी चढवतात. टीबीसाठी दिली जाणारी रिफॅम्पिसिन उलट एन्झाइम इतकं वाढवते की इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण चौथाईवर येतं. मुंबईत टीबी घरोघरचा, म्हणून टीबीचा कोर्स सुरू होण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घातलंच पाहिजे. डॅसॅटिनिबला पोटातलं ॲसिड लागतं. ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्राझोल सकाळी सवयीनं घेणाऱ्यांच्या पोटात ती नीट विरघळत नाही. जळजळ झालीच तर साधं अँटासिड, तेही गोळीच्या दोन तास आधी किंवा नंतर. आणि काढे? २०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद चालू राहो. ज्याचं यकृत आधीच केमो पचवतंय त्यानं त्यात उतरू नये.

सगळ्यात जीवघेणी चूक मात्र मेथोट्रेक्सेटची. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची. शेजारी रोजची मर्कॅप्टोप्युरिन असते, दोन्ही गोळ्या लहान, फिकट पिवळ्या. कोणी पाहुणा किंवा आजी मदतीला आली की अदलाबदल होते. मेथोट्रेक्सेट सलग रोज गेली तर काही दिवसांत तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. त्यावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड, पण तो रुग्णालयातच आणि लवकर द्यावा लागतो. घरातली फॉलिक ॲसिडची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. उपाय साधा: वार ठरवा, डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा (‘फक्त गुरुवार’), आणि हा डबा रोजच्या औषधांपासून वेगळ्या कपाटात ठेवा. दुसरी गडबड मोजणीची. २० मिलिग्राम म्हणजे अडीचच्या आठ गोळ्या किंवा दहाच्या दोन. दुकानदारानं या वेळी दहाची स्ट्रिप दिली आणि घरी सवयीनं आठ मोजल्या, तर चौपट मात्रा झाली. नवी स्ट्रिप आली की आधी मिलिग्राम वाचा, मग मोजा.

मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा दर तपासणीला रक्त बघून बदलतात. आठवड्यात काही दिवस एक, काही दिवस अर्धी असा हिशेबही असतो. तो कॅलेंडरवर लिहून काढावा. युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल सोबत आली तर मर्कॅप्टोप्युरिन पाव ते तृतीयांशावर आणावी लागते, नाहीतर ती शरीरात साठते. या काळात मुलाचे केस परत आलेले असतात, शाळा सुरू असते, आणि एखाद्या रात्रीची गोळी सहज राहते. मोठ्यांचंही तेच. लंडनमधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची नोंद ठेवणारी चिप लावली होती. ज्यांच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या चुकल्या, त्यांच्यात औषधाचा खोलवरचा परिणाम, म्हणजे रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा जवळपास पुसल्या जाणं, फारच थोड्यांना मिळाला. दहा टक्के म्हणजे महिन्यातले फक्त तीन दिवस.

चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायची नाही. उलटी झाली तरी परत घ्यायची नाही, विचारल्याशिवाय नाहीच.

गोळी खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये कुटू नका, कॅप्सूल उघडू नका. ती धूळ श्वासात जाते आणि भांड्यालाही चिकटते. गिळता येत नसेल तर आधी फार्मसीत विचारा: इमॅटिनिब पाण्यात विरघळवता येते (१०० मिलिग्रामला ५० मिलिलिटर), बाकीच्यांचं तसं गृहीत धरू नये. देणाऱ्यानं हातमोजे घालावेत किंवा गोळी झाकणात काढून थेट रुग्णाच्या हातावर ओतावी. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हात लावू नये, लेनालिडोमाइडला तर नाहीच. ती थॅलिडोमाइडची जवळची नातलग आहे आणि गर्भाला व्यंग आणू शकते. ती घेणाऱ्या पुरुषांनी कंडोम वापरायचा, आणि रक्तदान कुणीच करायचं नाही.

पावसाळ्यात ताप आला की मुंबईत पहिला संशय मलेरिया-डेंग्यूचा, आणि ‘दोन दिवस पॅरासिटामॉल देऊन बघू’ हा पहिला निर्णय. पांढऱ्या पेशी कमी करणारी गोळी चालू असेल तर हा निर्णय महागात पडतो. तोंडात १००.४ फॅरनहाइट दिसलं की आधी फोन, मग रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी. रिपोर्टात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर काही तासांत संसर्ग रक्तात पसरतो, आणि पॅरासिटामॉल फक्त थर्मामीटर गप्प करतं.

जुलैतल्या दमट हवेत गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा; बाथरूममध्ये नको, गॅसच्या वरच्या फळीवर नको. मेल्फॅलन आणि क्लोरॅम्ब्युसिलला फ्रिज लागतो, २ ते ८ अंश. धर्मशाळेत सामायिक फ्रिज असेल तर झाकणाच्या डब्यात, नाव लिहून. उरलेल्या गोळ्या संडासात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता रुग्णालयाच्या फार्मसीत परत द्या. शेजारच्या खाटेवरच्याला हेच औषध लागतंय, त्याच्याकडे पैसे नाहीत, म्हणून त्याला द्यावीशी वाटतील. तसं न करता त्याला रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची खिडकी दाखवा, आणि हवं तर रांगेत त्याच्यासोबत उभे राहा.