रेंगा

रेंगा : दोन किंवा अधिक कवींनी एकत्र बसून आळीपाळीने कडवी जोडत रचायचा जपानी पद्यप्रकार. तांका या अभिजात छंदातील (५-७-५-७-७, एकूण ३१ मात्रा) पहिले तीन चरण एकाने व उरलेले दोन दुसऱ्याने रचायचे, हे त्याचे मूळ रूप. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत तो ऐन भरात होता. हायकूचा उगम याच प्रकारात आहे.

रेंगाचा प्रारंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. परंपरेने तो यामातो ताकेरू या आख्यायिकांतील राजपुत्राशी जोडला जातो. पूर्वेकडील स्वारीत ‘निइबारी आणि त्सुकुबा ओलांडल्यापासून किती रात्री झाल्या?’ असे त्याने पद्यात विचारले आणि आग राखणाऱ्या म्हाताऱ्याने ‘रात्री नऊ, दिवस दहा’ असे पद्यातच उत्तर दिले, ही कथा कोजिकी (७१२) व निहोन शोकी (७२०) या दोन्ही ग्रंथांत येते. यावरूनच रेंगाला ‘त्सुकुबाची वाट’ म्हणू लागले आणि निजो योशिमोतो (१३२०–८८) याने आपल्या रेंगासंग्रहाला त्सुकुबाशू (१३५६) हे नाव दिले. छंद तपासला, तर मात्र हा संबंध सैल वाटतो. प्रश्न ४-७-७ आणि उत्तर ५-७-७ मात्रांचे असल्याने दोघे मिळून एक तांका होत नाही. ती दोन स्वतंत्र त्रिपदीच ठरतात. त्यापेक्षा मान्योशू या प्राचीन जपानी काव्यसंग्रहाच्या आठव्या खंडातील दाखला अधिक ग्राह्य दिसतो. तेथे एका भिक्षुणीने साहो नदीचे पाणी अडवून लावलेल्या भातशेताविषयी पहिले तीन चरण रचले असून, तिच्या विनंतीवरून ओतोमो नो याकामोची या कवीने पहिल्या भाताच्या घासावरील दोन चरणांनी तांका पूर्ण केला आहे. मान्योशूतील शेवटची कालनिर्दिष्ट कविता ७५९ ची असल्याने, हा दाखला ढोबळमानाने आठव्या शतकातला म्हणता येतो.

बाराव्या शतकातील किन्योशू या राजाज्ञेने झालेल्या संग्रहात रेंगाला प्रथमच वेगळा विभाग मिळाला. पण तोही दोन कडव्यांच्या रेंगाचाच. लांब साखळी पुढे रूढ झाली आणि सम्राट गो-तोबा (११८०–१२३९) याच्या दरबारात तिला प्रतिष्ठा लाभली. शंभर कडव्यांची रचना कालांतराने प्रमाण ठरली. ती चार दुमडलेल्या कागदांवर उतरवत : पहिल्या पानावर ८, मधल्या सहा पानांवर प्रत्येकी १४, शेवटच्या पानावर ८. वसंत किंवा शरद आला की तो निदान तीन कडवी चालवायचा, असे नियम होते. योशिमोतोने १३७२ मध्ये ते संकलित केले.

भेंड्यांप्रमाणे येथे शेवटच्या अक्षराला महत्त्व नाही. कडव्याने फक्त लगतच्या कडव्याशी नाते जोडायचे आणि त्याआधीच्या कडव्यापासून दूर जायचे. सोगी (१४२१–१५०२), शोहाकू व सोचो या तिघांनी १४८८ मध्ये मिनासे येथील गो-तोबाच्या देवस्थानाला अर्पण केलेली शतकडवी याचा नमुना मानतात. सोगीच्या पहिल्या कडव्यात शिखरावर बर्फ आहे आणि पायथ्याशी संध्याकाळचे धुके. त्यामागे गो-तोबाच्याच मिनासे नदीवरील कवितेचा प्रतिध्वनी आहे. शोहाकू दूरवर वाहते पाणी व प्लमच्या फुलांनी दरवळणारे गाव आणतो. सोचो त्या पाण्यावरून नदीच्या वाऱ्याकडे व विलोच्या झुडपांकडे वळतो. चौथ्या कडव्यात सोगीला बांबूने नाव रेटल्याचा आवाज ऐकू येतो, तोपर्यंत पहाट झालेली असते. अशा रचनेत कथानक शोधणे व्यर्थ आहे.

सोळाव्या शतकापासून हाइकाई हे विनोदी, बोलभाषेला मोकळे रूप वाढले. इहारा साइकाकू याने १६८४ मध्ये ओसाकातील सुमियोशी देवस्थानी एका दिवस-रात्रीत एकट्याने २३,५०० कडवी रचल्याचे सांगतात. काव्यगुणापेक्षा विक्रम म्हणूनच त्याची नोंद घ्यावी. मात्सुओ बाशो (१६४४–९४) याने ३६ कडव्यांचा ‘कासेन’ पसंत केला आणि हाइकाईला गांभीर्य दिले. त्याच्या नावावर आज हायकू म्हणून वाचली जाणारी अनेक कडवी मुळात ‘होक्कू’, म्हणजे रेंगाची आरंभीची कडवी, होती.

मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने होक्कू साहित्य आहे, साखळी नव्हे, असा निवाडा दिला आणि सुट्या होक्कूसाठी हायकू हे नाव रूढ केले. त्यानंतर रेंगा मागे पडला. १९६९ मध्ये पॅरिसमध्ये ऑक्टाव्हिओ पाझ व अन्य तीन कवींनी चार भाषांत एक रेंगा रचला. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेला हायकू तीन चरणांची स्वतंत्र कविता म्हणूनच आला.