क्रियापदाच्या पोटातला ‘जर’

‘उद्या पाऊस आला तर...’ पाऊस उद्याचा, पण क्रियापद ‘आला’! अट घालताना मराठीत भूतकाळाचं रूप असं भविष्यात शिरतं. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली या बांटू भाषेत त्याहून नवल घडतं. तिथे अट थेट काळाच्याच जागी जाऊन बसते.

स्वाहिली क्रियापद माळेसारखं ओवलेलं असतं: आधी कर्ता, मग काळ, शेवटी धातू. ‘सोमा’ म्हणजे वाचणे, ‘नि’ म्हणजे मी. निनासोमा, मी वाचतोय. निलिसोमा, मी वाचलं. नितासोमा, मी वाचेन. मधले ना, लि, ता हे काळाचे मणी. तिथे ‘कि’ ओवला की होतं निकिसोमा, म्हणजे ‘मी वाचलं तर’. वेगळा ‘जर’ लागत नाही. ‘कामा’सारखे स्वतंत्र शब्द आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. गोष्ट कधीची, ते पुढचं क्रियापद सांगतं.

हा ‘कि’ मला फार आवडतो. ‘म्वुआ इकिन्येशा, तुताबाकी न्युम्बानी’ याचा अर्थ ‘पाऊस पडला तर घरी राहू’ असाही होतो आणि ‘पाऊस पडला की घरी राहू’ असाही. (आपल्या ‘की’शी उच्चार जुळतो तो निव्वळ योगायोग.) ‘निलिम्वोना अकिसोमा’ म्हणजे तर ‘मी त्याला वाचताना पाहिलं’. तर, की, ताना, सगळं एकाच मण्यात! एक घटना दुसरीची पार्श्वभूमी आहे, एवढंच तो सांगतो.

नकारातही हेच दिसतं. ‘उसिपोझिबा उफा, उताजेंगा उकुटा’ ही तिथली म्हण: भेग बुजवली नाहीस, तर भिंत बांधशील. ‘उसिपोझिबा’मध्ये ‘सि’ नकाराचा. आणि ‘पो’ तोच, जो ‘निलिपोफिका’त, म्हणजे ‘मी पोहोचलो तेव्हा’मध्ये येतो. ‘जर नाही’ म्हणायला ‘जेव्हा’ वापरला आहे.

निव्वळ कल्पनेसाठी मणी वेगळा, ‘न्गे’, आणि तो दोन्ही क्रियापदांत लागतो: ‘निंगेकुवा ना पेसा, निंगेनुनुआ गारी’. पैसे असते तर गाडी घेतली असती. पेसा आणि गारी ओळखीचे वाटले ना? हे शब्द भारतातूनच तिकडे गेलेले. मराठीतही दोन्हीकडे ‘असते–असती’ येतंच.

हुकलेल्या संधीसाठी व्याकरणाची पुस्तकं ‘न्गालि’ सांगतात: निंगालिनुनुआ. पण बोलताना पुष्कळ लोक तिथेही ‘न्गे’च वापरतात, गाडी आज घेता येत नाही की गेल्या वर्षीच राहून गेली, हे संदर्भावरून कळतं. आपलं ‘घेतली असती’ही नेमकं तसंच चालतं.