इंधनक्षमता, नव्या मोटारीची (मुंबई)

एक लिटर पेट्रोल वा डिझेलवर मोटार किती किलोमीटर धावते, हे तिच्या इंधनक्षमतेचे माप. सीएनजीसाठी ते किलोमागे धरतात. बोलताना सगळे 'अ‍ॅव्हरेज' म्हणतात. नव्या गाडीचे पेढे तोंडात असतानाच सोसायटीत 'अ‍ॅव्हरेज किती देते?' ही विचारणा होते, आणि पहिल्या महिन्यात मालकाचा चेहरा बहुधा पडलेला असतो.

कंपनीने सांगितलेला आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून १,१८० सेकंदांचे ठरावीक चक्र चालवतात. त्यात वेग ताशी ९० किमीच्या वर जात नाही आणि आजवर रूढ असलेल्या पद्धतीत एसी बंद असतो. मे महिन्यात साकीनाक्याला एसी बंद ठेवून कोण बसणार?

मुंबईत सर्वांत जास्त फरक पडतो तो उभे राहण्याने. इंजिन चालू आणि चाके थांबलेली, म्हणजे अ‍ॅव्हरेज शून्य. समजा, वाहत्या रस्त्यावर एखादी गाडी लिटरला १८ किमी देते आणि एसीसह उभी असताना तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल पिते. २० किमीच्या प्रवासात ती अर्धा तास सिग्नल आणि कोंडीत अडकली, तर १.१ लिटरच्या जागी १.६ लिटर लागते आणि अ‍ॅव्हरेज साडेबारावर येते. गाडीत बिघाड काहीच नाही. पुन्हा पुन्हा ब्रेक मारून वेग घेण्याचा खर्च यात धरलेलाच नाही. तीच गाडी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवरून नेली तर भलताच आकडा देते. स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या, गाड्या याच कोंडीत उजव्या ठरतात: ब्रेकची ऊर्जा बॅटरीत जाते आणि इंजिन बंद असले तरी एसी चालतो. काही साध्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, पण त्याबरोबर एसीची थंड हवाही जात असल्याने बरेच जण ती बटण दाबून बंद करून टाकतात.

लालबागच्या पुलावरून उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आताच्या इंजिनात गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा फवारा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. शिवाय ते धोक्याचे, ते वेगळेच. अटल सेतूवर अडचण उलटी. तिथे मोटारींना ताशी १०० किमीची मुभा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने ८० वर चालवणाऱ्याचे इंधन बरेच कमी जळते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही वाटा आहे. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर अ‍ॅव्हरेज थोडे घटते. टायरमधली कमी हवा आणि डिकीतले कायमचे सामान यांचा परिणाम सर्वांना ठाऊक असतोच.

नवेपणाचे म्हणून जे असते ते थोडेच. पहिल्या एक-दोन हजार किलोमीटरपर्यंत इंजिनाचे भाग एकमेकांना पुरते बसलेले नसतात आणि कोऱ्या टायरची जाड नक्षी जरा जास्त ओढ घेते. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो, म्हणून खात्री हवी असल्यास टाकी फुल करावी, नोझल आपोआप बंद झाल्यावर वर 'राउंड फिगर' करू नये, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तसेच भरून किलोमीटरला लिटरने भागावे.