शाळेच्या संधी येण्याआधी कागद तयार ठेवा
(इंदूरच्या मराठी पालकांसाठी आमच्या सेंटरतर्फे माहितीपत्रक)

नमस्कार.

फॉर्म भरायला, झेरॉक्स काढायला, मुलांच्या वह्या-पुस्तकं घ्यायला तुम्ही रामबागेतल्या आमच्या सेंटरवर येता. दरवर्षी आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत विनाशुल्क जागेसाठीचे) अर्ज बंद व्हायच्या शेवटच्या दोन दिवसांत काउंटरपुढे रांग लागते आणि त्या रांगेतल्या कितीतरी पालकांना आम्हाला परत पाठवावं लागतं. मूल पात्र असतं, शाळेत जागा असते. पण समग्रमध्ये (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) नाव एक आणि आधारवर दुसरं, किंवा जातीच्या दाखल्यासाठी अजून अर्जच केलेला नसतो. आई-वडिलांचा पडलेला चेहरा बघून आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक. यातल्या बहुतेक योजनांची घोषणा होते तेव्हा हातात दोन-तीन आठवडेच मिळतात. कागद दुरुस्त करायला मात्र महिने लागतात, आणि हे काम आजही सुरू करता येतं.

आधी नावाचं बघा

आपल्या मराठी घरांत ही अडचण इतरांपेक्षा जास्त येते. दाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही लिहायची आपली पद्धत. इथल्या शाळांच्या रजिस्टरमध्ये बहुधा नाव आणि आडनाव एवढंच येतं. त्यात 'ळ'. काळे, साबळे, धुमाळ ही आडनावं हिंदी कागदांवर काले, साबले, धुमाल अशी उतरतात. कुणी एका कागदावर दुरुस्त करून घेतं, दुसऱ्यावर तसंच राहतं. नावात 'ज्ञ' असेल तर इंग्रजी स्पेलिंग कुठे 'डीएनवाय'ने सुरू होतं, कुठे 'जीवाय'ने. वाचणाऱ्या माणसाला हे एकच नाव वाटतं, पण संगणक ती दोन वेगळी माणसं धरतो.

आईच्या नावाचं त्याहून अवघड. लग्नात नाव बदललं असेल तर मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर त्या वेळी दवाखान्यात जे सांगितलं गेलं ते. आम्ही नेहमी एकच क्रम सुचवतो. मुलाचा नगर निगमचा जन्मदाखला आधी नीट वाचा. त्यात चूक असेल तर ती पहिली दुरुस्त करा. मग त्याच्याबरहुकूम मुलाचं आधार, नंतर समग्रचं ई-केवायसी (आधारशी ऑनलाइन पडताळणी) आणि शेवटी शाळेचं रेकॉर्ड. समग्रचं ई-केवायसी आधारवरचं नाव उचलतं, त्यामुळे समग्र आधी आणि आधार नंतर असं केलं तर काम दोनदा करावं लागतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईघाईत 'तात्पुरतं' काही बदलून घेऊ नका.

ज्यांचं मूल 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलं आहे त्यांच्यासाठी तर जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा. कायद्यातल्या बदलानंतर या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच धरला जातो.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. हे राहून गेलं की आठवी-नववीत शिष्यवृत्तीच्या वेळी आधार पडताळणी अडकते.

समग्र आयडीबद्दल थोडक्यात: कुटुंबाचा आठ आकडी, प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी. शाळेच्या कामाला मुलाचा नऊ आकडी लागतो. भाड्याचं घर बदललं असेल, समजा रामबागेतून सुदामा नगरला गेलात, तर झोन ऑफिसमधून पत्ता आणि वॉर्ड बदलून घ्या. त्याचं कारण पुढे आरटीईत येतंच.

जातीचा दाखला: महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी नक्की वाचा

महाराष्ट्रातून काढलेला जातीचा दाखला मध्य प्रदेश सरकारच्या योजनांना चालत नाही. इथला दाखला लागतो, आणि त्यासाठी कुटुंब मध्य प्रदेशात केव्हापासून आहे याचा पुरावा मागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 आणि मागासवर्गासाठी 1984 हे वर्ष धरलं जातं. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घरांनाही हा पुरावा चटकन सापडत नाही, कारण तो पेटीत तळाशी असतो: आजोबांची शाळा सोडल्याची नोंद, जुनी खतावणी, नोकरीची कागदपत्रं, घराची रजिस्ट्री. एखाद्या रविवारी घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन ती पेटी उघडा. अर्ज लोकसेवा केंद्रातून होतो.

नवोदयसारख्या केंद्राच्या शाळांत ओबीसीचा विचार केंद्राच्या यादीने होतो, राज्याच्या यादीने नाही. दोन्ही याद्या सारख्या नाहीत, म्हणून दाखला काढतानाच कोणता हवा ते विचारून घ्या.

आरटीई: खासगी शाळेत विनाशुल्क जागा

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना त्यांच्या सुरुवातीच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. मूल आठवीपर्यंत त्या शाळेत विनाशुल्क शिकतं, फी सरकार भरतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यात येत नाहीत.

इथे सर्वांत मोठा गैरसमज उत्पन्नाबद्दल आहे. "आमचं उत्पन्न कमी आहे, म्हणजे आम्ही बसतो", असं म्हणत पुष्कळजण येतात. मध्य प्रदेशात नुसतं उत्पन्न कमी असून भागत नाही. बीपीएल किंवा अंत्योदय कार्ड हवं, किंवा मूल अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, दिव्यांग किंवा अनाथ अशा गटातलं हवं. मागासवर्गातल्या घराला बीपीएल कार्डाशिवाय अर्ज करता येत नाही. एप्रिलमध्ये ऐनवेळी कळण्यापेक्षा हे आत्ताच समजलेलं बरं.

वयाचंही तसंच. नर्सरीला साधारण तीन ते साडेचार वर्षं, केजी-1 ला चार ते साडेपाच, केजी-2 ला पाच ते साडेसहा, पहिलीला सहा ते साडेसात. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या आदेशात असतं.

अर्जाची तारीख मात्र दरवर्षी सरकते. 2023 मध्ये मार्चात अर्ज होते, 2024 मध्ये फेब्रुवारीअखेर आणि 2025 मध्ये मे महिन्यात. म्हणून "मागे मेमध्ये होतं, अजून वेळ आहे" असं धरून बसू नका. फेब्रुवारी लागला की राज्य शिक्षण केंद्राच्या पोर्टलवर लक्ष ठेवा.

शाळा निवडताना शेजार महत्त्वाचा. आधी त्याच वॉर्डातल्या मुलांना, मग शेजारच्या वॉर्डांतल्या मुलांना, मग पुढच्यांना, अशी लॉटरी लागते. अर्जात एक वॉर्ड आणि कागदावर दुसरा असेल तर पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो. लॉटरीत नाव लागल्यावर ठरलेल्या दिवसांत मूळ कागद घेऊन शाळेत जावंच लागतं, नाहीतर जागा जाते. त्यासाठीचा मेसेज अर्जातल्या मोबाइलवर येतो. म्हणून नंबर तुमचा स्वतःचा द्या, घरात रोज वापरात असलेला. आम्ही कुणाच्याही अर्जात सेंटरचा नंबर टाकत नाही, दुसरीकडे कुठे फॉर्म भरलात तरी हे तपासून घ्या. फी माफ झाली तरी बस आणि गणवेशाचा खर्च घरचा धरूनच शाळा निवडा. लांबची शाळा मिळून मग बसभाड्यापायी मूल काढावं लागलं तर त्याहून वाईट काही नाही.

आठवीतल्या मुलांसाठी: वर्षाला 12,000 रुपये

एनएमएमएस (परीक्षेतून मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) ही आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित शिष्यवृत्ती. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारं मूल, सातवीत किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट), घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. एवढं असेल तर परीक्षेला बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये. परीक्षेत दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा, दुसरा अभ्यासक्रमाचा. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. खासगी शाळेतल्या आणि केंद्रीय किंवा नवोदय विद्यालयातल्या मुलांना बसता येत नाही.

निवड होऊनही पैसे न येणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. खातं मुलाच्या नावाचं हवं आणि ते आधारशी नुसतं जोडलेलं नाही, तर सरकारी पैसे त्यातच येतील असं सीडिंग झालेलं हवं. बँकेत जाऊन हाच शब्द वापरून विचारा. दुसरं म्हणजे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीत पैसे आले म्हणून दहावीत आपोआप येत नाहीत. आणि अकरावीत पुढे चालू राहायला दहावीत 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 55.

पाचवीतल्यांसाठी नवोदय, आठवीतल्यांसाठी उत्कृष्ट विद्यालय

नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मूल पाचवीत असताना एकदाच देता येते, तीच परीक्षा पुन्हा देता येत नाही. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. ज्या जिल्ह्यात मूल शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. आपल्या जिल्ह्याचं मानपूरला आहे. 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असल्याने शहरातल्या मुलांची स्पर्धा मोठी, पण महू, देपालपूर, सांवेरकडे नातेवाईक असतील तर त्यांना आवर्जून सांगा. राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारी.

शहरात राहून चांगली सरकारी शाळा हवी असेल तर बाल विनय मंदिर. जिल्हा उत्कृष्ट विद्यालय म्हणून तिथे नववीचा प्रवेश परीक्षेतून होतो, आणि ती परीक्षा मूल आठवीत असतानाच द्यायची असते. तिथे शिकलेल्या मुलांचे पालक आमच्याकडे येतात, त्यांच्या बोलण्यावरून आम्ही हे खात्रीने सुचवतो. सीएम राइज शाळांचं नाव 2025 पासून सांदीपनी विद्यालय झालं आहे. दोन्ही नावं ऐकून गोंधळू नका, शाळा त्याच. सैनिक स्कूल रीवासाठी सहावी आणि नववीला अखिल भारतीय परीक्षा असते, मुलींनाही.

मुलींसाठी

लाडली लक्ष्मी या राज्य सरकारच्या योजनेत नाव असलेल्या मुलीला सहावीत 2,000, नववीत 4,000, अकरावी आणि बारावीत प्रत्येकी 6,000 रुपये मिळतात, आणि बारावीनंतर कॉलेजला गेली तर दोन हप्त्यांत 25,000. मुलगी एक वर्षाची होईपर्यंत नोंदणी करणं सर्वांत सोपं, अंगणवाडीतूनच होते. आई-वडिलांपैकी कुणीही आयकर भरत नसलं पाहिजे. नोंदणी झालेली असूनही सहावीचे दोन हजार न घेतलेल्या मुली बऱ्याच आहेत. तुमच्या लेकीचं लाडली लक्ष्मी सर्टिफिकेट घरात कुठे आहे ते आज बघून ठेवा.

दहावी-बारावी

2025 पासून एमपी बोर्डात पूरक परीक्षेच्या जागी द्वितीय परीक्षा आली. नापास झालेल्यांना तर बसता येतंच, पण पास झालेल्यांनाही गुण वाढवायला बसता येतं. निकालानंतर निराश झालेल्या मुलाला ही गोष्ट त्याच संध्याकाळी सांगा. बारावीला 75 टक्के किंवा जास्त मिळवणाऱ्या एमपी बोर्डाच्या नियमित विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी 25,000 रुपये खात्यात येतात. मेधावी विद्यार्थी योजनेत एमपी बोर्डाचे 70 टक्के किंवा सीबीएसईचे 85 टक्के असलेल्यांची पुढच्या शिक्षणाची फी सरकार भरतं, अर्थात उत्पन्नाच्या आणि संस्थेच्या अटी आहेत. पाचवी आणि आठवीलाही आता पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा होते, हे धाकट्यांच्या पालकांनी ध्यानात घ्यावं.

दहावीच्या एमपी बोर्डाच्या वेळापत्रकात मराठी हा विषय असतो. ज्यांना मुलाचं मराठी सुटू द्यायचं नाही त्यांनी नववीच्या प्रवेशाच्या वेळीच शाळेला विचारावं. विचारणारे पालक जितके जास्त, तितकी शाळा त्याचा विचार करते.

फी आणि पुस्तकं

खासगी शाळांच्या फीबद्दल मध्य प्रदेशात 2017 चा कायदा आणि 2020 चे नियम आहेत. पुस्तकं किंवा गणवेश अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्ती कोणत्याही शाळेला करता येत नाही. आम्ही स्वतः वह्या-पुस्तकं विकतो, तरीही सांगतो: यादी घ्या, चार ठिकाणी भाव विचारा, जिथे परवडेल तिथे घ्या. सक्ती होत असेल तर लेखी तक्रार जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे करता येते.

येताना काय आणाल

वर सांगितलेल्या बहुतेक योजनांत सरकार अर्जाचे पैसे घेत नाही आणि अर्ज तुम्ही घरी मोबाइलवरूनही भरू शकता. आमच्याकडे भरलात तर टायपिंग, स्कॅन आणि प्रिंटचे दर काउंटरवर लावलेले आहेत, त्याहून जास्त आम्ही घेत नाही. कागद तपासायचे काहीच पैसे नाहीत. येताना मूळ कागद आणा, फोटोचे फोटो नकोत: जन्मदाखला, मुलाचं आणि दोघा पालकांचं आधार, समग्र, असल्यास बीपीएल कार्ड आणि जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, शेवटची मार्कशीट. ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोनही हवा. पुष्कळदा तो बाबांबरोबर ऑफिसात असतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. दुपारी दोन ते चारमध्ये गर्दी कमी असते. आजी-आजोबांना घेऊन येणार असाल तर तेव्हा या, बसायला जागा असते आणि जुनी कागदपत्रं सावकाश बघता येतात.